लसीची सक्ती आणि सेवेची अमानत

मनुष्याचे शरीर त्याच्या स्वतःच्या मालकीचे आहे काय, हा प्रश्न आधुनिक वाटत असला तरी नवा नाही. आजचा कायदा शरीरावरील अधिकाराची भाषा बोलतो, शरीअत अमानतीची भाषा बोलते. शरीर ही अल्लाहने सोपविलेली ठेव आहे, माणूस तिचा रखवालदार आहे आणि परलोकात त्याला तिचा हिशेब द्यावयाचा आहे. या दोन भाषांत अंतर असले तरी व्यवहारात दोहोंतून एक निष्कर्ष समान निघतो: एकाच्या शरीरावर दुसऱ्याने मनमानी करू नये. अधिकार मानला तर तो हिरावला जाऊ नये म्हणून, आणि अमानत मानली तर ती ज्याच्याकडे सोपविली त्यानेच सांभाळावी म्हणून.

प्रश्न कठीण होतो तो एकाच माणसाच्या हाती दोन अमानती येतात तेव्हा. रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, सफाई कामगार, गावोगावी फिरणारी आशाताई यांच्याकडे स्वतःचे शरीर आहे आणि दुसऱ्याचे, आजाराने दुबळे झालेले शरीरही त्यांच्या हाती सोपविलेले आहे. अशा सेवकाला संस्थेने लस घेण्याची सक्ती करावी काय, आणि केली तर त्याने ती मानावी काय, याचा विचार शरीअतच्या प्रकाशात करणे आवश्यक आहे.

एक विचारणा

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका भगिनीने हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. रुग्णालयाने सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि इन्फ्लुएंझा या दोन आजारांच्या लसी घेण्याचा आदेश काढला होता. लस न घेणाऱ्यास कामावर येता येणार नव्हते आणि लसींचा खर्च पगारातून कापला जाणार होता. तिने विचारले, "मौलाना साहेब, इंजेक्शनची मला भीती नाही, रोज दहा जणांना मीच टोचते. पण हुकूम काढून माझ्या दंडात सुई घालण्याचा हक्क यांना आहे का? आणि मी नाही म्हटले तर मी अल्लाहजवळ गुन्हेगार ठरते का?"

हे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही वेगवेगळे आहेत. पहिला हुकूम देणाऱ्याच्या हक्काचा, दुसरा हुकूम ऐकणाऱ्याच्या कर्तव्याचा. चर्चेत हे दोन्ही नेहमी एकत्र कालविले जातात. हुकूम देणाऱ्याला हक्क नाही, म्हणून आपले कर्तव्यही नाही, असे एक पक्ष म्हणतो. कर्तव्य आहे, म्हणून वाटेल ती सक्ती योग्य आहे, असे दुसरा म्हणतो. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

स्वतःच्या उपचारात मोकळीक

प्रथम सर्वसाधारण माणसाचा विचार करू. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका स्त्रीची हकीकत आहे. तिला अपस्माराचे झटके येत. तिने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दुआची विनंती केली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले: सबर केला तर स्वर्गाची शुभवार्ता, किंवा रोगमुक्तीसाठी दुआ. तिने सबर निवडला. झटक्याच्या वेळी अंगावरचे वस्त्र ढळू नये एवढीच दुआ तिने मागितली आणि ती केली गेली. तिची निवड तिच्यावर सोपविण्यात आली, हे येथे महत्त्वाचे आहे.

प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारातील एक प्रसंगही त्याच दोन संग्रहांत नोंदला आहे. घरातील मंडळींनी काळजीपोटी त्यांच्या मुखात एका बाजूने औषध ओतले. त्यांनी खुणेने मनाई केली होती, पण आजाऱ्याला औषधाचा कंटाळा असतोच, असे समजून मंडळींनी ते दिलेच. शुद्धीवर आल्यावर त्यांनी याबद्दल नाराजी व्यक्त केली आणि घरात हजर असलेल्या प्रत्येकाला तेच औषध देण्यास सांगितले. हजरत अब्बास (रजि.) त्या वेळी त्यात सामील नव्हते, म्हणून त्यांना वगळले. हा आदेश शिक्षेसाठी होता की शिकवणीसाठी, याची चर्चा भाष्यकारांनी केली आहे. परंतु शुद्धीवर असलेल्या आजाऱ्याने नकार दिला असता केवळ हितबुद्धीने त्याच्यावर औषध लादू नये, एवढे या प्रसंगातून स्पष्ट होते.

आमच्या फिकहच्या ग्रंथांनीही याच दिशेने विचार केला आहे. फतावा आलमगिरीमध्ये हानी दूर करणाऱ्या साधनांचे तीन वर्ग केले आहेत. काही साधने निश्चित असतात, जसे भुकेसाठी अन्न आणि तहानेसाठी पाणी. काही बहुतांशी गुणकारी असतात, जसे वैद्यकातील सामान्य उपचार. आणि काही केवळ भासमान असतात. निश्चित साधन सोडून जीव गमावणे गुनाह आहे. दुसऱ्या वर्गातील उपचार सोडणाऱ्याला गुन्हेगार ठरविलेले नाही. म्हणजे स्वतःपुरता उपचार घेणे वा न घेणे यात शरीअतने माणसाला बरीच मोकळीक दिली आहे.

जेथे दुसऱ्याचा जीव येतो

पण ही मोकळीक स्वतःपुरती आहे. ज्याच्याकडे आजारी उंट आहेत त्याने ते निरोगी उंटांच्या कळपात नेऊ नयेत, अशी प्रेषितांची (स.) आज्ञा सहीह हदीसमध्ये आहे. येथे जबाबदारी कोणावर टाकली आहे ते पाहावे. निरोगी कळपाच्या मालकाने सावध राहावे, एवढ्यावर आज्ञा थांबली नाही. ज्याच्यामुळे रोग पोहोचू शकतो त्याच्यावर बंधन घातले गेले. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हे फिकहचे मूलभूत तत्त्व याच अर्थाचे आहे.

रुग्णसेवकाच्या बाबतीत हे बंधन अधिक जड होते. बाजारात भेटणारा माणूस मला टाळता येतो. रुग्णाला परिचारिका निवडता येत नाही. सेनगावच्या एखाद्या खेड्यातून बाळंतीण जिल्हा रुग्णालयात येते, प्रकृती बिघडली तर तिला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात पाठवितात. तिला कोणी हात लावला, त्याने कोणती लस घेतली आहे, हे ती विचारीत नाही आणि विचारू शकणारही नाही. तिचा विश्वास हीच तिची एकमेव ढाल असते. ज्याने पगार वा मानधन घेऊन हे काम स्वीकारले, त्याने तो विश्वासही स्वीकारला. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या हानीस जबाबदार असतो, असे हदीसमध्ये सांगितले आहे. ज्ञान असून निष्काळजी राहणाऱ्याची जबाबदारी याहून कमी कशी मानावी?

काही जण येथे तकदीर पुढे करतात: जे लिहिले आहे ते चुकणार नाही, मग लस कशाला? याचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी देऊन ठेवले आहे. शामकडे जाताना सर्ग येथे त्यांना प्लेगची वार्ता मिळाली. त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशमधील ज्येष्ठ अशा तिन्ही गटांशी वेगवेगळी मसलत केली आणि परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी तकदीरपासून पळण्याचा आक्षेप घेतला, तेव्हा उमर (रजि.) यांनी सांगितले की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, आणि हिरव्या व उजाड अशा दोन काठांच्या दरीत उंट चारणाऱ्याचे उदाहरण दिले. उपाय करणे हाही तकदीरचाच भाग आहे.

आजच्या उलमांनीही याचा स्पष्ट निर्णय दिला आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मधील आपल्या सातव्या अधिवेशनात, ठराव क्रमांक ६७ मध्ये, उपचाराविषयी विस्ताराने विचार केला. सज्ञान रुग्णाची संमती आवश्यक आहे, हे तेथे मान्य केले आहे. त्याच वेळी ज्या रोगाची हानी इतरांपर्यंत पोहोचते त्याचा उपचार अनिवार्य ठरविला आहे, आणि संसर्गजन्य रोग व प्रतिबंधक लसी यांबाबत शासनकर्त्याला काही परिस्थितींत सक्ती करता येते, असेही म्हटले आहे. आपल्यातील हजयात्री हे सहज पाळतात. १९८७ मध्ये हजच्या काळात मेनिंजायटिसची साथ पसरल्यानंतर सौदी अरबस्तानने यात्रेकरूंना त्याची लस अनिवार्य केली. आज आमच्या जिल्ह्यातला हजयात्रीही ती लस घेऊन, प्रमाणपत्र हाती घेऊनच निघतो. लाखोंच्या गर्दीत आपल्यामुळे कोणाला इजा होऊ नये, हे त्याला पटलेले असते.

सर्व लसी एकसारख्या नव्हेत

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे, कारण तो न केल्याने पुष्कळ गोंधळ होतो. हिपॅटायटिस-बी हा रक्तावाटे पसरणारा रोग आहे. वापरलेली सुई बोटात घुसली तर धोका मुख्यतः सेवकालाच असतो. म्हणून ही लस प्रामुख्याने सेवकाचे स्वतःचे संरक्षण करते. रुबेलाचे तसे नाही. परिचारिकेला तो साध्या तापासारखा येऊन जाईल, पण तिच्याकडून तो गर्भवतीला झाला तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ बहिरेपणा, मोतीबिंदू वा हृदयदोष घेऊन जन्मू शकते. इन्फ्लुएंझा या दोहोंच्या मध्ये आहे: लसीचे संरक्षण पूर्ण नसते आणि दरवर्षी कमीअधिक होते, परंतु वृद्ध आणि दुबळ्या रुग्णांच्या कक्षात ते मोलाचे असते.

आजारी उंटांची आज्ञा जेथे लस खरोखर रोगाचा प्रसार रोखते तेथे थेट लागू होते. जेथे लाभ मुख्यतः घेणाऱ्याचाच आहे, तेथे समजावणे अधिक आणि सक्ती कमी, हाच मार्ग राहतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही कोविडच्या लसीबाबत हाच मुद्दा निर्णायक मानला. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की शरीराची अखंडता राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने संरक्षित आहे आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन मर्यादा घालू शकते, पण त्या प्रमाणबद्ध असल्या पाहिजेत. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा अधिक प्रसार होतो, असे दाखविणारी माहिती न्यायालयापुढे आली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणबद्ध मानले गेले नाहीत. लसीकरणाचे धोरण मात्र न्यायालयाने अवाजवी ठरविले नाही.

संशय घेणारा प्रत्येक जण अडाणी नसतो

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. त्यांतील अनेक जण पहिल्या दिवसांत आले नाहीत. काही ठिकाणी नोंदणीच्या कोविन प्रणालीतील बिघाड कारणीभूत होता. महाराष्ट्रात त्यामुळे मोहीम दोन दिवस थांबवावी लागली. पण संकोचही होता. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष येण्यापूर्वीच परवानगी मिळाली होती आणि ती घेणाऱ्याकडून संमतिपत्र भरून घेतले जात होते. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी आपल्याला कोविशील्ड द्यावी, असे पत्र लिहिले. हे लोक विज्ञान जाणणारे होते, आणि पुरावा मागणे हा विज्ञानाचाच नियम आहे.

गर्भवती व स्तनदा मातांना तर सुरुवातीस लस दिलीच जात नव्हती. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये आणि गर्भवतींना जुलै २०२१ मध्ये परवानगी मिळाली. जानेवारीत थांबलेली गर्भवती परिचारिका सावध होती. जुलैनंतर, माहिती हाती आल्यावरही, केवळ ऐकीव गोष्टींवरून थांबलेली परिचारिका तेवढी निर्दोष म्हणता येत नाही. कृती तीच, पण ज्ञान बदलले की तिचा हुकूम बदलतो, हे फिकहच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

आपल्या समाजात डुकराच्या जिलेटिनची शंकाही पसरली होती. हलाल-हरामची चौकशी करणे हे ईमानाचे लक्षण आहे, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण चौकशी उत्तरापर्यंत न्यावी लागते. कोविशील्ड व कोव्हॅक्सिन या दोन्हींच्या जाहीर घटकसूचीत जिलेटिन नव्हते. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने तर डिसेंबर २०२० मध्येच, दुसरा पर्याय नसल्यास जिलेटिन असलेली लसही जीवरक्षणाच्या निकडीने अनुज्ञेय ठरविली होती. उत्तर मिळाल्यावरही शंका सांगत फिरणे याला चौकशी म्हणत नाहीत. दिव्य कुरआनने पडताळा न केलेली वार्ता पसरविण्यापासून आपल्याला सावध केले आहे.

विश्वासाविना सक्ती

सक्तीचे फळ काय येते, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या अमलाखाली सैनिक घरांत शिरून झडती घेऊ लागले. लोकांनी रुग्ण लपविण्यास सुरुवात केली, आणि जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ज्या कायद्याने जीव वाचवायचे त्याच्याच भीतीने रोग घराघरांत दडून राहिला.

त्याच वर्षी मुंबईत वाल्देमार हाफकिन या यहुदी शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे आगाखान तिसरे यांनी जाहीरपणे लस घेतली, हाफकिन यांना कार्यासाठी आपली वास्तू दिली, आणि त्यांच्या अनुयायांचे भय ओसरले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित कुपीमुळे लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला, तेव्हा लोकांची भीती निराधार नव्हती, हेही दिसले. तरीही ही लस टिकली, आणि तिच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. घरात शिरलेल्या सैनिकाने जे साधले नाही, ते स्वतःचा दंड पुढे करणाऱ्याने साधले.

सक्तीच्या अटी

म्हणून सक्ती करणाऱ्याने प्रथम स्वतःचा हिशेब तपासावा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी हा कचरा हाताळणाऱ्या आरोग्य सेवकांना व इतरांना हिपॅटायटिस-बी, धनुर्वात आदी रोगांविरुद्ध लस देण्याचे कर्तव्य संस्थेवर टाकले आहे. म्हणजे या बाबतीत कायद्याचा पहिला हुकूम कर्मचाऱ्याला नसून मालकाला आहे. जे कर्तव्य मालकाचे, त्याचा खर्च परिचारिकेच्या पगारातून कापणे हा जुलूम आहे. आणि ठेकेदारामार्फत आलेला, सुया-पट्ट्या उचलणारा सफाई कामगार या यादीतून वगळला जात असेल, तर ती यादी सुरक्षिततेची नसून कागदाची आहे.

दुसरी अट मसलतीची. उमर (रजि.) यांच्या हाती अधिकार होता, तरी त्यांनी तीन गटांचे म्हणणे ऐकले. रुग्णालयाने सूचनाफलकावर आदेश चिकटविण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना बसवून लस कशाची, का आणि तिचे दुष्परिणाम कोणते, एवढे तरी सांगावे.

तिसरी अट प्रमाणाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महानगरपालिकेने लस न घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन रोखण्याचे ठरविले आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात पेट्रोल, गॅस व रेशन यांसाठी लसीची अट घालण्यात आली. हेतू चांगला असेल, पण भाकरीवर हात ठेवून घेतलेली संमती संमती राहत नाही. लस न घेतलेल्या परिचारिकेला प्रसूतिकक्षातून वा अतिदक्षता कक्षातून दुसऱ्या कामावर पाठविता येते. त्यात रुग्णाचेही रक्षण होते आणि घरची चूलही विझत नाही. संस्था तिला रुग्णाच्या उशापासून दूर करू शकते, पण तिच्या इच्छेविरुद्ध तिच्या दंडात सुई घालू शकत नाही.

चौथी अट परतफेडीची. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशासेविकांनी योग्य मोबदल्यासाठी संप केला. साथीत दारोदार फिरणाऱ्या बाईकडून आपण त्याग मागतो आणि तिच्या मानधनाचा प्रश्न आला की ती स्वयंसेविका आहे, असे सांगतो. जो समाज सेवकाचे ऋण मानीत नाही, त्याने सेवकाच्या कर्तव्यावर प्रवचन देताना जरा थांबावे.

उत्तर

आता त्या भगिनीच्या दोन प्रश्नांचे उत्तर देता येते. तिच्या दंडावर मालकाचा हक्क नाही, आणि पगार कापणे अन्याय आहे. त्याविरुद्ध तिने सहकाऱ्यांसह लेखी तक्रार करावी. पण तिचे कर्तव्य मालकाच्या हुकमातून जन्मलेले नाही, म्हणून तो हुकूम सदोष असल्याने ते संपतही नाही. हिपॅटायटिस-बीची लस तिने आपल्या शरीराच्या अमानतीसाठी घ्यावी. न घेतल्यास ती स्वतःला धोक्यात घालते, पण रुग्णाची गुन्हेगार ठरत नाही. इन्फ्लुएंझाची लस तिने रुग्णांच्या अमानतीसाठी घ्यावी. वैद्यकीय कारण असेल तर ती माफ आहे. कारण काहीच नसेल, केवळ हुकूम आला म्हणून हट्ट असेल, तर तिचा हट्ट मालकाशी आहे आणि त्याची किंमत मोजणारा मात्र खाटेवरचा तो वृद्ध आहे, ज्याने तो हुकूम काढलाच नव्हता.

जो मनुष्य एका जिवाला वाचवितो तो जणू सर्व मानवजातीला वाचवितो, ही दिव्य कुरआनची शिकवण आपण भाषणांत नेहमी सांगतो. रुग्णसेवकाला ती रोज, आठ तासांच्या पाळीत, अमलात आणण्याची संधी मिळते. हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. त्याने हुकमाची वाट पाहू नये, आणि हुकूम देणाऱ्याने त्याला गुलाम समजू नये.

अल्लाह आपल्या रुग्णसेवकांचे रक्षण करो, त्यांच्या हाती बरकत देवो, आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना न्यायाने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.